पट्टीत मावलेलं शिरोळ

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात, जयसिंगपूरच्या विक्रमसिंह मैदानावर ऊस परिषद भरते तेव्हा भाषणाच्या जागी माईकच्या दांड्यांची दाटी होते. प्रत्येक दांड्यावर एक रंगीत ठोकळा, त्यावर वाहिनीचं बोधचिन्ह. बातमीदार त्याला बूम म्हणतात. यंदा उसाची पहिली उचल, म्हणजे पहिला हप्ता, किती मागणार हे ऐकायला शिरोळ, हातकणंगले, मिरज आणि अगदी सीमेपलीकडच्या चिक्कोडी भागातून आलेला शेतकरी त्या ठोकळ्यांवरूनच ओळखतो की आज कोण कोण आलंय. मराठी वृत्तवाहिन्यांच्या सगळ्या सजावटीतला हा एवढाच तुकडा शिरोळ तालुक्यात प्रत्यक्ष येतो. बातमीआधीची धून, फिरणारा गोल, नकाशा, बोलणाऱ्याचं नाव दाखवणारी पट्टी, तळाशी धावणारी ओळ, अक्षरांचं वळणसुद्धा मुंबईत, नोएडात किंवा हैदराबादेत एकदाच ठरतं. मग गडचिरोलीची बातमी असो वा कुरुंदवाडची, तिला तेच कपडे चढवले जातात.

ही सजावट कुठून आली, कुणी ठरवली आणि तिच्यात शिरोळसारख्या तालुक्याला किती जागा मिळाली, हा आपल्या अलीकडच्या इतिहासाचा भाग आहे. तो गंभीरपणे लिहायला हवा, कारण कृष्णा-पंचगंगेच्या पाण्यात घर जातं की राहतं याच्याशी त्याचा संबंध येतो.

एकसारखी सजावट पहिल्यांदा आणली ती सरकारने. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं आणि त्याला स्वतःचं बोधचिन्ह मिळालं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या देवाशिष भट्टाचार्य यांनी रेखाटलेल्या दोन वक्र आकारांचा फिरत फिरत डोळा व्हायचा. त्या फिरण्याला पंडित रविशंकर यांची धून होती. दिल्ली, मुंबई, श्रीनगर, मद्रास, केंद्र कुठलंही असो, डोळा तोच आणि धून तीच. देशातल्या कोट्यवधी माणसांना न वाचता ओळखता येईल अशी ती दृश्यखूण होती, आणि तिचं काम तिने चोख केलं असं मला वाटतं.

डोळ्याच्या पुढे मात्र मराठी बातमीचं रूप साधं आणि बरंचसं हाताने केलेलं होतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. दुसऱ्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे ते पुण्याला दिसू लागलं. संध्याकाळी सातच्या बातम्या डॉ. विश्वास मेहेंदळे, स्मिता पाटील, भक्ती बर्वे, अनंत भावे, प्रदीप भिडे, चारुशीला पटवर्धन यांच्या चेहऱ्यांवर आणि आवाजांवर उभ्या असत. नावं, नकाशे आणि आकडे केंद्रातले कलाकार पुठ्ठ्यावर रंगवत आणि तो पुठ्ठा कॅमेऱ्यासमोर ठेवला जाई. त्या अक्षरांना लिहिणाऱ्या हाताचं वळण असे. प्रेक्षक विश्वास ठेवायचा तो निवेदकाच्या उच्चारावर. प्रदीप भिडे १९७४ पासून पुढे कित्येक दशकं बातम्या वाचत राहिले. महाराष्ट्राच्या दृष्टीने 'बातम्या' म्हणजे तो आवाज, एवढं त्याचं वजन होतं.

शिरोळसारख्या भागात हे सगळं उशिरा पोचलं. १९८४ च्या सुमारास देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांची लाट आली, पण त्यांतले बहुतेक उपग्रहावरून दिल्लीचा कार्यक्रम घेऊन पुढे पाठवत. म्हणजे खेड्यातल्या माणसाने कौलावर बांबू उभारून अँटेना फिरवली की आधी यायची ती दिल्ली, आणि मुंबईची मराठी नंतर. उपग्रहावरची मराठी वाहिनी १९९४ मध्ये आली आणि पुढे तिचं नाव 'सह्याद्री' झालं. मधल्या काळात पुठ्ठ्यावरची अक्षरं संगणकात गेली होती. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने जिस्ट हे तंत्र पुढे नेलं आणि त्यातून भारतीय लिप्या पडद्यावर उमटवणं सोपं झालं. चित्रावर देवनागरी ओळ चढवायला आता कलाकाराचा हात लागत नव्हता. सोय मोठी होती, आणि अक्षराचं वळण ठरवण्याचा हक्क त्याच क्षणी यंत्र विकत घेणाऱ्याकडे गेला.

त्याच सुमारास तारेवरून एक वेगळीच गोष्ट सुरू झाली. १९९१ च्या आखाती युद्धाने केबलचं वेड आणलं, २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही आला, आणि गावोगावच्या केबलवाल्याने एक चॅनेल स्वतःकडे राखून ठेवलं. त्यावर आधी सिनेमे लागत. मग सिनेमाच्या तळाशी साडीच्या दुकानाची, दवाखान्याची, क्लासची जाहिरात सरकू लागली. मग गणपती विसर्जनाचं, जत्रेचं, कुस्तीच्या फडाचं चित्रण. आणि मग बातम्या. कोल्हापुरात चॅनेल बी आणि एस न्यूजसारख्या केबलवरच्या वाहिन्या घराघरात पोचल्या. त्यांचे वार्ताहर तालुक्याच्या गावी असत, त्यांच्या बातमीत पंचायत समितीची सभा असे, दूध संघाची निवडणूक असे, निधनवार्ता असे. त्यांची सजावट कुणी कंपनीने आखून दिलेली नव्हती. जवळच्या स्टुडिओतल्या मुलाने उपलब्ध सॉफ्टवेअरवर जे जमलं ते केलेलं असे. रंग भडक, अक्षरांना सावल्या, पट्टी कधी जाड तर कधी बारीक. पुण्या-मुंबईच्या माणसाला ते ओबडधोबड वाटायचं. पण त्या पट्टीत शिरोळमधल्या 'तेरवाड' आणि 'राजापूर' या गावांची नावं रोज असायची, आणि जयसिंगपूरच्या माणसाला आपल्या गल्लीतला माणूस पडद्यावर दिसायचा.

इथे एक कायद्याचा मुद्दा सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही. अमेरिकेत स्थानिक दूरचित्रवाणी केंद्र ही परवाना मिळालेली, शहराला बांधलेली संस्था असते. तिथे दूरचित्रवाणीच्या बाजारपेठाच २१० मोजल्या जातात, आणि त्यांतली केंद्रं आपापल्या बातम्या काढतात. आपल्याकडे खाजगी माणसाला मनोऱ्यावरून प्रक्षेपण करायची मुभा कधी मिळालीच नाही. ते दूरदर्शनचं राहिलं. खाजगी वाहिनी निघाली ती थेट उपग्रहावर, आणि उपग्रहाची छाया सगळ्या देशावर पडते. परिणामी भारतात खाजगी वाहिनी राज्याची किंवा भाषेची झाली, जिल्ह्याची झाली नाही. जिल्ह्याची जागा केबलवाल्याने भरून काढली. १९९५ च्या केबल कायद्यानंतरही ती जागा बरीच वर्षं धड ना आत, ना बाहेर अशी होती.

म्हणून अमेरिकेत जे घडलं ते आपल्याकडे वेगळ्या क्रमाने घडलं. तिकडे आधी स्थानिक केंद्रं होती आणि मग त्यांच्यावर एकसारखेपणा आला. फिलाडेल्फियात १९६५ मध्ये 'आयविटनेस न्यूज' आणि १९७० मध्ये 'ॲक्शन न्यूज' हे बातम्यांचे साचे जन्मले, आणि आयोवातल्या फ्रँक मॅगिडसारख्या सल्लागारांनी असे साचे गावोगावच्या केंद्रांना शिकवले. नंतर केंद्रं मोठ्या कंपन्यांच्या हाती गेली तशी सजावटही मध्यवर्ती झाली. एनबीसीच्या केंद्रांचं ग्राफिक्स टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला होऊ लागलं, गॅनेट कंपनीच्या केंद्रांचं डेन्व्हरला, आणि २००६ मध्ये फॉक्सने आपल्या मालकीच्या केंद्रांना एकच बोधचिन्ह आणि एकच रूप दिलं. प्रवास करणाऱ्याला आता गाव बदललं तरी पडदा तोच दिसतो. पण केंद्र त्या गावातच राहिलं. वादळाचा इशारा आला की त्याच एकसारख्या सजावटीच्या कोपऱ्यात त्या भागाचा नकाशा येतो, त्यात एकेक परगणा वेगळ्या रंगाने भरलेला असतो आणि तळाशी परगण्यांची नावं धावतात. साचा मध्यवर्ती आणि मजकूर परगण्यापर्यंतचा, अशी ती तडजोड आहे.

आपल्याकडे साचा आधी आला आणि त्याला लागणारं स्थानिक केंद्र कधीच आलं नाही.

मराठीत हा साचा खऱ्या अर्थाने आणला तो ईटीव्हीने. ९ जुलै २००० रोजी सुरू झालेली ईटीव्ही मराठी हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीतून चालत असे. रामोजी राव यांनी एकाच आवारात अनेक भाषांच्या वाहिन्या उभ्या केल्या. मराठी, बांगला, कन्नड, उडिया, गुजराती अशा भाषांच्या बातम्या एकाच छपराखाली, जवळपास एकाच शिस्तीत तयार होत. मराठी पत्रकारांची एक अख्खी पिढी तिथे घडली. महाराष्ट्रापासून शेकडो किलोमीटर लांब राहून ती मुलं रोज सांगली-कोल्हापूरच्या बातम्या लिहीत. ईटीव्हीचं मोठं श्रेय असं की तिने जिल्ह्याजिल्ह्यांत बातमीदार नेमले. मुंबई-पुण्यापलीकडचा महाराष्ट्र पडद्यावर नियमित दिसू लागला तो तिच्यामुळे. एकसारखेपणामुळे गाव हरवतं, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. साचा स्वस्त असतो, आणि त्यातून वाचलेला पैसा बातमीदारावर खर्च करता येतो. ईटीव्हीने काही वर्षं तो केला.

मग आला चोवीस तासांचा काळ. २००७ च्या फेब्रुवारीत झी २४ तास, त्याच वर्षी २२ जूनला स्टार माझा, ६ एप्रिल २००८ ला आयबीएन लोकमत. त्याच सुमारास सकाळ समूहाची साम आणि हैदराबादच्या टीव्ही नाइन समूहाची मराठी वाहिनी. दोन-अडीच वर्षांत मराठी माणसाच्या पडद्यावर एवढ्या पट्ट्या आल्या की मधलं चित्र आक्रसलं. पट्टीचा हा महापूर जगभरचा होता. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकी वृत्तवाहिन्यांनी तळाशी धावती ओळ लावली आणि ती कायमचीच राहिली. आपल्याकडे हिंदी वाहिन्यांनी ती उचलली, लाल रंगात बुडवली, 'ब्रेकिंग' असं नाव दिलं, आणि मराठीने हिंदीकडून घेतली.

वृत्तकक्षात या गोष्टींना आपापली नावं आहेत. बोलणाऱ्याचं नाव दाखवणाऱ्या पट्टीला आपले लोक 'ॲस्टन' म्हणतात, एका इंग्रजी यंत्रकंपनीच्या नावावरून. कोपऱ्यातलं बोधचिन्ह म्हणजे 'बग'. दोन बातम्यांच्या मधला झटका म्हणजे 'स्टिंग'. आकड्यांचा फलक म्हणजे 'प्लेट'. साचा बांधणारे लोक व्हिझआरटी किंवा दिल्लीच्या बीहाइव्हचं वास्प थ्रीडी अशा प्रणालीत आधीच चौकटी करून ठेवतात. डेस्कवरचा मुलगा फक्त रिकाम्या जागा भरतो: ठिकाण, मथळा, दुसरी ओळ. अक्षरं किती बसतील हेही ठरलेलं. 'कुरुंदवाडजवळ पंचगंगेच्या पुलावरची वाहतूक बंद' एवढं बसत नाही, म्हणून 'कोल्हापुरात पावसाचा हाहाकार' येतं. ते मुद्दाम केलेलं नसतं. चौकटीत तेवढीच जागा असते आणि बातमी मिनिटाला लावायची असते. पण रोज हजारदा असं घडलं की 'कोल्हापूर' म्हणजे काय याची प्रेक्षकाच्या मनातली कल्पनाच बदलते. बारा तालुक्यांचा जिल्हा एका टिंबात जातो. हवामानाच्या नकाशावर त्या टिंबाशेजारी एकच ढग असतो. गगनबावड्याला धो-धो आणि शिरोळला ऊन, हा नेहमीचा पावसाळा त्या नकाशावर कधी दिसत नाही.

अक्षरांचीही एक गोष्ट आहे. अनेक समूहांचे साचे हिंदी वाहिनीसाठी आखले गेले आणि मग भाषेभाषेत वाटले गेले. त्यामुळे मराठीच्या पट्टीवर हिंदी वळणाचा ल आणि श दिसू लागला. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वळणाचे ल आणि श ठरवून दिले, तरी पडद्यावर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. त्याहून जास्त खटकायचं ते 'शेतकऱ्यांचा' या शब्दातलं अक्षर. जुन्या प्रणालींत र चं ते मराठी रूप नीट उमटत नसे आणि पट्टीवर 'शेतकर्यांचा' येई. ऊस परिषदेच्या बातमीत तर हा शब्द प्रत्येक ओळीत. ज्यांच्यासाठी बातमी, त्यांचंच नाव वर्षानुवर्षं चुकीचं लिहिलं गेलं, आणि मुंबईतल्या एकट्यादुकट्या मुद्रितशोधकाखेरीज कुणाला त्याचा त्रास झाला नाही. मला तो आजही होतो. अलीकडे एक टाइपसारख्या मुंबईच्या अक्षररचनाकारांनी मराठीचं भान ठेवून चांगले फाँट केले, तेव्हा पडद्यावरचं चित्र काहीसं सुधारलं.

१ जून २०१२ हा दिवस या इतिहासात ठळक आहे. स्टारचं नाव वापरण्याचा करार संपुष्टात आला आणि त्या दिवशी आनंद बझार पत्रिका समूहाच्या तीन वाहिन्यांनी, हिंदी, बांगला आणि मराठी, एकाच दिवशी कपडे बदलले. स्टार माझाची एबीपी माझा झाली. जिल्ह्याजिल्ह्यातल्या बातमीदाराच्या दांड्यावरचा ठोकळा बदलला. निवेदक तेच, संपादक राजीव खांडेकर तेच, 'उघडा डोळे, बघा नीट' हे घोषवाक्य तेच. प्रेक्षकही फार बिचकले नाहीत. पुढे ईटीव्ही मराठी आणि आयबीएन लोकमतशी जोडलेलं नेटवर्क १८ रिलायन्सच्या ताब्यात गेलं. ईटीव्ही मराठी २०१५ मध्ये कलर्स मराठी झाली आणि आयबीएन लोकमत २०१७ मध्ये न्यूज १८ लोकमत. काश्मीरपासून केरळपर्यंत न्यूज १८ चा तोच आकडा, तोच लाल. बदलाचा निर्णय जिथे झाला तिथून जयसिंगपूर किती लांब आहे, हे नकाशात बघण्याची गरज कुणाला पडली नसावी.

या सगळ्यात ऊस परिषदेचे नेते राजू शेट्टी हे शिरोळचं नाव महाराष्ट्रभर पोचलं, हेही खरं. २००४ मध्ये शिरोळमधून आमदार, २००९ आणि २०१४ मध्ये हातकणंगल्यातून खासदार. ऊसदराचं आंदोलन दर हिवाळ्यात वाहिन्यांवर असे. पण साच्याने या आंदोलनाचा एकच भाग उचलला: पेटलेले टायर, अडवलेला महामार्ग आणि 'ऊस पेटला' असा मथळा. एफआरपी, म्हणजे उसाचा ठरवून दिलेला किमान दर, कशी काढतात, साखर उतारा किती धरतात, तोडणी-वाहतूक किती कापतात, हा जो मूळ हिशोब शिरोळच्या प्रत्येक घरात माहीत आहे, त्यासाठी साच्यात चौकट नव्हती. आकड्यांची प्लेट निवडणुकीसाठी आणि शेअर बाजारासाठी बांधलेली होती. ती उसासाठी कुणी बांधली नाही.

केबलचं काय झालं? दोन बाजूंनी ती आटली. घरावर डिश बसली की उपग्रहावरच्या शेकडो वाहिन्या येतात आणि गावची केबल वाहिनी जाते. शिरोळ तालुक्यात मळ्यात राहणारी घरं खूप, तिथे तार पोचत नव्हती, त्यामुळे छत्री आधी तिथेच आली. दुसरीकडे, सरकारने केबलचं डिजिटायझेशन टप्प्याटप्प्याने केलं. महानगरांपासून २०१२ मध्ये सुरू होऊन चौथ्या टप्प्यात, २०१७ पर्यंत, ते ग्रामीण भागात पोचलं. गावचा केबलवाला मोठ्या वितरकाचा हस्तक झाला. सिग्नल दुसरीकडून येऊ लागला आणि स्वतःची वाहिनी चालवायची तर त्या वितरकाच्या पेटीत जागा मागावी लागली. कोल्हापूरच्या वाहिन्या टिकल्या, पण खेड्यातली छोटी केबल केंद्रं बरीच गप्प झाली.

आणि मग २०१९ चा ऑगस्ट.

शिरोळ तालुक्याचा भूगोल ज्याला माहीत आहे त्याला पुढचं समजावून सांगावं लागत नाही. कृष्णा सांगलीकडून येते, वारणा तिला हरिपूरला मिळालेली असते, आणि कोल्हापूरकडून आलेली पंचगंगा नृसिंहवाडीत कृष्णेला मिळते. पुढे थोड्याच अंतरावर दूधगंगा, आणि मग कर्नाटक आणि अलमट्टी धरणाचा फुगवटा. म्हणजे या नद्यांच्या खोऱ्यात पश्चिम घाटावर पडलेलं पाणी शेवटी या तालुक्यातून जातं. इथल्या माणसाला पूर येणार की नाही हे एका आकड्यावरून कळत नाही. त्याला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी लागते, जिथे ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. त्याला सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी लागते, तिथे ४० आणि ४५. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले हे लागतं, कारण एक दरवाजा म्हणजे १४२८ क्युसेक. कोयनेतून आणि वारणेतून किती सोडलं, अलमट्टीतून किती पुढे गेलं. हे सगळं जुळवून तो ठरवतो की गोठ्यातली जनावरं आज हलवायची की उद्या.

जिल्हा प्रशासनाच्या रोजच्या पत्रकात हे बहुतेक आकडे असतात. पंचगंगेवरचे पाण्याखाली गेलेले बंधारे त्यात ओळीने लिहिलेले असतात: शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. ही नदीच्या उतारानेच लावलेली यादी आहे. वाचणाऱ्याला पाणी कुठवर आलं हे त्या क्रमातच दिसतं. पुराच्या काळात याहून नेमकं ग्राफिक मला माहीत नाही, आणि त्यात एकही चित्र नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. पुणे-बंगळूर महामार्ग पुलाची शिरोली इथे पाण्याखाली जाऊन जवळपास आठवडाभर बंद राहिला. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटली आणि सतरा जणांचा जीव गेला. शिरोळ तालुक्यातली बहुतांश गावं पाण्यात किंवा पाण्याच्या वेढ्यात होती. वाहिन्यांनी चोवीस तास पूर दाखवला, आणि बातमीदारांनी छातीभर पाण्यात उभं राहून दाखवला, त्यांच्या धैर्याबद्दल आदरच आहे. त्यांनी दाखवलं म्हणून राज्यभरातून मदतीचे ट्रक निघाले. पण पडद्यावरच्या पट्ट्या मुंबईत बसलेल्या प्रेक्षकासाठी होत्या. 'महापुराचा वेढा', 'कोल्हापूर पाण्यात', 'सांगली बुडाली', आणि त्यामागे करुण धून. महामार्गावरची पुलाची शिरोली हातकणंगले तालुक्यात आणि शिरोळ तिथून तीसेक किलोमीटर पूर्वेला, हेही बाहेरच्या प्रेक्षकाला त्या नकाशांवरून उमगणं कठीण होतं. 'आत्ता राजाराम किती' हा आकडा कधी येई, कधी नाही, आणि आला तरी तासापूर्वीचा.

कोल्हापूरच्या स्थानिक वाहिन्यांचं बळ नेमकं इथे होतं. राजाराम बंधाऱ्याची पातळी, कुठला रस्ता बंद, कुठली एसटी थांबली, निवारा कुठल्या शाळेत, ही माहिती हीच त्यांची रोजची बातमी असते. ती वर्षभर देत आल्यामुळे पुरातही ती देता येते. पण शिरोळमध्ये तोवर वीज गेली होती. टीव्हीच बंद. लोकांनी फोन जपून वापरले, चार्जिंगसाठी धडपड केली, आणि आकडे व्हॉट्सॲपवर साध्या मजकुरात फिरले. त्या मजकुरात खरे होते तसे खोटेही होते, धरण फुटल्याच्या अफवाही. खरा आकडा सतत, एका ठरलेल्या जागी, ओळखीच्या रूपात दिसणं किती मोलाचं असतं हे अशा वेळी कळतं. एकसारख्या सजावटीचं बलस्थान तेच आहे: लोकांना कुठे बघायचं हे माहीत असतं. त्या ओळखीच्या जागेचा उपयोग या भागासाठी झाला नाही, ही माझी तक्रार आहे.

२०२१ च्या जुलैत पंचगंगा आणखी वर, ५६ फुटांच्या पुढे गेली. दोन वर्षांचा अनुभव होता, लोक लवकर हलले, प्रशासनही जागं होतं. पडद्यावरची प्लेट मात्र फारशी बदललेली नव्हती. नृसिंहवाडीला पाणी चढून देवळात दक्षिणद्वार सोहळा झाला की त्याची सुंदर दृश्यं सगळ्या वाहिन्यांवर येतात, दरवर्षी. त्याच दिवशी कुरुंदवाडला कृष्णा किती फुटांवर आहे हे त्या दृश्याखाली लिहायला एक ओळ पुरते. तो आकडा मोजणारं केंद्रीय जल आयोगाचं केंद्र तिथेच कुरुंदवाडला आहे. संगणकाला आकडा आपोआप उचलून पट्टीत भरता येतो, शेअर बाजाराचा निर्देशांक रोज तसाच भरला जातो. तंत्राची अडचण नाही. शिरोळचा प्रेक्षक हा आपला प्रेक्षक आहे असं साचा आखणाऱ्याने धरलं पाहिजे, आणि ते जाहिरातीच्या हिशोबात बसत नाही.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने केबल वितरकांच्या स्वतःच्या वाहिन्यांसाठी नियम केले. नोंदणी, थोडं शुल्क, आणि पडद्यावर ती 'प्लॅटफॉर्म सेवा' असल्याचा ठळक उल्लेख. तीस वर्षं उंबऱ्यावर बसलेल्या स्थानिक वाहिनीला पहिल्यांदा कागदावर नाव मिळालं. पण तोवर तालुक्यातली तरुण मुलं केबल सोडून यूट्यूब आणि फेसबुककडे वळली होती. जयसिंगपूर, कुरुंदवाड, शिरोळ, प्रत्येक गावात फोनवर चालणाऱ्या वाहिन्या निघाल्या. बूम छापून मिळतो, पट्टी तयार मिळते, धून तयार मिळते. कंपनीने लादावं लागलं नाही, मुलांनी स्वतः मोठ्या वाहिन्यांचंच रूप उचललं, कारण त्याच रूपाला लोक 'बातमी' म्हणून ओळखतात.

२०२५ च्या जुलैत हे सगळं एकाच गावात एकत्र आलं. नांदणीच्या जैन मठात तीन दशकांहून अधिक काळ असलेली महादेवी हत्तीण, जिला लोक माधुरी म्हणतात, न्यायालयाच्या आदेशाने गुजरातेत जामनगरच्या वनतारा या प्राणी केंद्रात नेण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलैला तो आदेश कायम केला आणि त्याच रात्री गावाने रडत तिला निरोप दिला. ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरपर्यंत पायी मूक मोर्चा निघाला. वनतारा रिलायन्सच्या अंबानी कुटुंबाचं, म्हणून लोकांनी जिओची सिमकार्डं बदलली. मोठ्या वाहिन्यांनीही ही बातमी उचलून धरली, त्यांतल्या एकीत रिलायन्सच्याच समूहाची भागीदारी आहे. त्यांच्या ॲस्टनवर ठिकाण होतं 'कोल्हापूर'. गावातल्या पोरांनी चालत्या मोर्चातून जे थेट दाखवलं, त्यावरही तशीच लाल पट्टी, तशीच पांढरी अक्षरं आणि कोपऱ्यात तसाच फिरणारा गोल. ठिकाणाच्या चौकटीत त्यांनी लिहिलं होतं: नांदणी, ता. शिरोळ.